व्हीसॅन क्लस्टरमध्ये होस्ट कनेक्टिव्हिटीचा इशारा: आधी रस्ता ओळखा, मग दुरुस्ती

व्हीसॅन म्हणजे अनेक सर्व्हरच्या (होस्टच्या) डिस्क एकत्र करून एकच साठवण बनवणारी व्हीएमवेअरची व्यवस्था. तिच्या हेल्थ पानावर एखाद्या होस्टपुढे पिवळा त्रिकोण दिसला की बहुतेकांचा हात आधी रीबूटकडे जातो. साध्या ईएसएक्सआय (होस्टवर चालणारी व्हीएमवेअरची मूळ प्रणाली) होस्टच्या बाबतीत ते कधीकधी खपून जातं. व्हीसॅनमध्ये होस्ट म्हणजे नुसता प्रोसेसर आणि मेमरी नसते, क्लस्टरच्या डेटाचा एक भाग त्याच्या डिस्कवर असतो. एक होस्ट आधीच बाकीच्यांपासून तुटलेला असताना दुसरा बंद केला, तर एखाद्या ऑब्जेक्टची (व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे व्हीएमच्या, डिस्कसारख्या साठवलेल्या वस्तूची) उरलेली एकमेव प्रतही हातची जाऊ शकते. मग जी गोष्ट इशाऱ्यापुरती होती ती व्हीएम बंद पडण्यापर्यंत जाते.

अशा क्लस्टरमध्ये होस्टकडे जाणारे रस्ते दोन असतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. पहिला व्यवस्थापनाचा: व्हीसेंटरपासून (सगळे होस्ट सांभाळणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरपासून) होस्टवरच्या व्हीपीएक्सए (व्हीसेंटरचा एजंट) आणि होस्टडी (होस्टचं व्यवस्थापन पाहणारी) या सेवांपर्यंत. दुसरा साठवणुकीचा: एका होस्टच्या व्हीसॅन व्हीएमकर्नल पोर्टपासून (होस्टच्या स्वतःच्या वाहतुकीचा नेटवर्क पोर्ट) दुसऱ्या होस्टच्या तशाच पोर्टपर्यंत. स्ट्रेच्ड (दोन साइटवर पसरलेलं) किंवा दोन-नोड क्लस्टर असेल तर विटनेसकडे (फाळणीत निर्णायक मत देणाऱ्या वेगळ्या होस्टकडे) जाणारा तिसरा रस्ताही धरा. इशारा कुठल्या रस्त्याचा आहे हे ठरवण्यात पाच मिनिटं घालवली तर पुढचे दोन तास वाचतात.

(या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

हात लावण्याआधी

क्लस्टरमधल्या कुठल्याही चालू होस्टवर एसएसएचने जा आणि ‘ईएसएक्ससीएलआय व्हीसॅन डीबग ऑब्जेक्ट हेल्थ समरी गेट’ चालवा. किती ऑब्जेक्ट निरोगी आहेत, कितींची एखादी प्रत कमी झाली आहे आणि कितींपर्यंत पोहोचताच येत नाही, हे आकडे लिहून ठेवा. ‘इनअॅक्सेसिबल’पुढे शून्याखेरीज काही दिसलं तर मेंटेनन्स मोड, रीबूट आणि डिस्क ग्रुपची कुठलीही हालचाल बंद. आधी जोडणी परत आणायची.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. होस्ट क्लस्टरमधून नाहीसा झाला की त्याच्यावरचे घटक ‘अॅबसेंट’ धरले जातात आणि व्हीसॅन मुळात ६० मिनिटं थांबतं. तेवढ्यात होस्ट परतला तर फक्त मधल्या काळात बदललेला डेटा भरून घेतला जातो. नाही परतला तर दुसऱ्या होस्टवर नव्याने प्रत बांधायला सुरुवात होते, आणि आधीच कुरकुरणाऱ्या नेटवर्कवर हा बोजा पडतो. काम तासाभराच्या पुढे जाणार हे दिसत असेल तर क्लस्टरच्या प्रगत सेटिंगमध्ये हा दुरुस्ती-विलंब वाढवता येतो. काम झाल्यावर तो परत ६० वर आणायचा. डिस्कच खराब झाली असेल तर मात्र घटक ‘डीग्रेडेड’ होतो, आणि तिथे ही ६० मिनिटांची सवलत मिळत नाही.

इशाऱ्याचं नाव नीट वाचा

नेटवर्क गटातल्या तपासण्यांची नावं सारखी वाटतात, पण अर्थ वेगळे आहेत. ‘होस्ट्स डिसकनेक्टेड फ्रॉम व्हीसी’ म्हणजे व्हीसेंटरचा त्या होस्टशी संबंधच तुटलेला आहे. ‘होस्ट्स विथ कनेक्टिव्हिटी इश्यूज’ फसवा आहे. इथे व्हीसेंटरच्या यादीत होस्ट जोडलेला दिसतो, पण व्हीसेंटरने त्याला काही विचारलं तर उत्तर येत नाही. हे दोन्ही व्यवस्थापनाच्या रस्त्याचे इशारे आहेत. व्हीसॅनचं नेटवर्क त्या वेळी पूर्ण ठणठणीत असू शकतं, व्हीएम चालू असतात, डेटा वाचला-लिहिला जात असतो. अशा वेळी फिजिकल स्विचवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) शोधत बसणं वाया जातं.

‘व्हीसॅन क्लस्टर पार्टिशन’, बेसिक युनिकास्ट कनेक्टिव्हिटी तपासणी, मोठ्या पॅकेटची पिंग तपासणी आणि नेटवर्क लेटन्सी तपासणी ही साठवणुकीच्या रस्त्याची माणसं. यातली पार्टिशन (होस्टांचे एकमेकांपासून तुटलेले गट पडणं) सर्वांत गंभीर. ती लाल असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिच्यापासून सुरुवात करा.

व्हीसेंटर त्याच व्हीसॅनवर चालत असेल आणि तेच बंद पडलं असेल तर हेल्थ पान दिसणारच नाही. घाबरायचं कारण नाही. ‘ईएसएक्ससीएलआय व्हीसॅन हेल्थ क्लस्टर लिस्ट’ ही आज्ञा होस्टवरूनच त्या तपासण्यांचा निकाल देते. व्हीसेंटर नसलं तरी होस्ट एकमेकांशी बोलत राहतात.

रस्ता पहिला: व्हीसेंटर ते होस्ट

होस्टच्या व्यवस्थापन आयपीला पिंग जातो का आणि नाव दोन्ही बाजूंनी सुटतं का ते पाहा: नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव. त्यानंतर पोर्ट. व्हीसेंटरकडून होस्टकडे टीसीपी ४४३ आणि ९०२ उघडे हवेत. उलट दिशेने होस्टकडून व्हीसेंटरकडे यूडीपी ९०२ हवा, आणि फायरवॉल लावणाऱ्यांकडून नेमका हाच सुटतो. होस्ट दर १० सेकंदांनी या पोर्टवरून ‘मी आहे’ असं कळवतो. ६० सेकंद काहीच आलं नाही तर व्हीसेंटर त्याला ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ठरवतं. त्यामुळे होस्ट जोडला की व्यवस्थित जोडला जातो आणि साधारण मिनिटभराने पुन्हा तुटतो, असं चक्र दिसलं तर दुसरं काही बघण्याआधी यूडीपी ९०२ बघा.

पोर्ट ठीक असतील तर होस्टडीकडे वळा. एक सोपी ओळख-परीक्षा आहे. ‘ईएसएक्ससीएलआय’ची एखादी साधी आज्ञा चालवा आणि तीच ‘लोकलसीएलआय’ने चालवा. पहिली होस्टडीमार्फत जाते, दुसरी त्याला वळसा घालून जाते. पहिली लटकली आणि दुसरी लगेच उत्तर देऊन मोकळी झाली, तर अडकलाय तो होस्टडी. आता तो का अडकला हे शोधायचं. त्याची नेहमीची तीन कारणं आहेत.

एक, रॅमडिस्क (मेमरीत बनवलेली छोटी डिस्क) भरलेली असते. ‘व्हीडीएफ -एच’ने बघा. टेम्प किंवा रूट रॅमडिस्क १०० टक्क्यांवर असेल तर होस्टडीला लिहायला जागाच नाही. कुणीतरी टेम्पमध्ये ठेवलेला ड्रायव्हरचा बंडल किंवा अफाट वाढलेला एखाद्या एजंटचा लॉग सापडतो. तो हलवा, मग सेवा रीस्टार्ट करा.

दोन, व्हीसॅनशी संबंध नसलेली दुसरी कुठली तरी साठवण मेलेली असते. जुना एनएफएस माउंट, काढून टाकलेला आयस्कझी लन. होस्टडी त्या मृत डिव्हाइसच्या उत्तराची वाट पाहत बसतो आणि इशारा मात्र व्हीसॅनच्या पानावर दिसतो. व्हीएमकर्नल लॉगमध्ये ‘एपीडी’ (डिव्हाइसकडे जाणारे सगळे रस्ते बंद) शोधा. ईएसएक्सआय मुळात १४० सेकंद वाट पाहून त्या डिव्हाइसवरचं काम सोडून देतो, पण होस्टडी तेवढ्याने सुटेलच असं नाही. इथे सेवा कितीही वेळा रीस्टार्ट केल्या तरी उपयोग नाही. ती साठवण परत आणा किंवा नीट काढून टाका.

तीन, वेळ आणि प्रमाणपत्र. होस्ट आणि व्हीसेंटर यांची घड्याळं लांब गेली असतील, किंवा होस्टचं प्रमाणपत्र संपलं असेल, तर पिंग आणि पोर्ट ठीक असूनही विश्वास जुळत नाही. एनटीपी (घड्याळ जुळवणारी) सेवा चालू आहे एवढं पाहून थांबू नका, ती खरोखर सर्व्हरशी जुळली आहे का ते बघा.

सेवा रीस्टार्ट करायच्या झाल्या तर एकेक करा: इनिट डॉट डी मधली होस्टडी, मग व्हीपीएक्सए. हेल्थ तपासण्यांनाच उत्तर मिळत नसेल तर व्हीसॅनएमजीएमटीडी. यात व्हीएम बंद होत नाहीत, मात्र चालू असलेलं बॅकअप किंवा स्नॅपशॉटचं काम मध्येच तुटू शकतं, तेव्हा आधी टास्क यादी पाहा. सगळ्या सेवा एकदम फिरवणारी ‘सर्व्हिसेस डॉट एसएच’ स्क्रिप्ट एलएसीपी (अनेक दुवे एकत्र बांधण्याची पद्धत) वापरणाऱ्या होस्टवर चालवू नका. ती एलएसीपीची सेवाही खाली-वर करते, आणि व्हीसॅन त्याच दुव्यावर असेल तर व्यवस्थापनाची किरकोळ तक्रार साठवणुकीची होऊन बसते.

रस्ता दुसरा: होस्ट ते होस्ट

इथे सुरुवात एकाच आज्ञेने करायची आणि ती प्रत्येक होस्टवर चालवायची: ‘ईएसएक्ससीएलआय व्हीसॅन क्लस्टर गेट’. उत्तरातल्या चार ओळी कागदावर शेजारी शेजारी मांडा: स्थानिक नोडची स्थिती, सब-क्लस्टरचा यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक), मास्टरचा यूयूआयडी आणि सदस्यसंख्या.

निरोगी क्लस्टरमध्ये एक मास्टर, एक बॅकअप आणि बाकीचे एजंट असतात, आणि सदस्यसंख्या सगळीकडे सारखी दिसते. चार होस्टच्या क्लस्टरमध्ये तिघांवर ३ आणि एकावर १ दिसलं, आणि तो एकटा स्वतःला मास्टर म्हणवत असला, तर पार्टिशन पडलं आहे आणि कोण बाहेर आहे हेही कळलं. दोन-दोन अशी फाळणी दिसली तर दोष एका होस्टचा नसून बहुधा दोन स्विचमधल्या दुव्याचा असतो. एखाद्याचा सब-क्लस्टर यूयूआयडीच वेगळा असेल तर तो होस्ट चुकून दुसऱ्या क्लस्टरचा सदस्य आहे, आणि केबल तपासून काही निघणार नाही.

याच उत्तरात मेंटेनन्स मोडची ओळ असते, तीही पाहा. कधीकधी व्हीसेंटरमध्ये होस्ट मेंटेनन्समधून बाहेर आलेला असतो, पण व्हीसॅनच्या हिशेबी तो अजून आतच असतो. होस्टला पुन्हा मेंटेनन्समध्ये घालून नीट बाहेर काढलं की हे बहुतेक वेळा सुटतं.

आता ‘ईएसएक्ससीएलआय व्हीसॅन नेटवर्क लिस्ट’ने व्हीसॅनला नेमका कुठला व्हीएमकर्नल पोर्ट दिला आहे ते पाहा. उत्तर रिकामं आलं तर त्या पोर्टवरची व्हीसॅन वाहतुकीची खूण निघून गेली आहे, ती परत लावा. पोर्ट सापडला, समजा व्हीएमके२, तर पिंग असा करायचा:

‘व्हीएमकेपिंग -आय व्हीएमके२ -डी -एस १४७२’ आणि पुढे समोरच्या होस्टचा व्हीसॅन आयपी. जम्बो फ्रेम (९००० एमटीयूची मोठी पॅकेट) वापरत असाल तर त्यानंतर १४७२ च्या जागी ८९७२ घालून पुन्हा.

यातला एकही पर्याय गाळू नका. ‘-आय’ गाळला तर होस्ट स्वतःच्या मर्जीने पोर्ट निवडतो आणि तुम्ही भलत्याच नेटवर्कची परीक्षा घेता. ‘-डी’ म्हणजे पॅकेट तोडू नको. तो गाळला तर मोठं पॅकेट तुकडे होऊन पलीकडे पोहोचतं, पिंग यशस्वी दिसतो आणि एमटीयूचा दोष लपून राहतो. ८९७२ हा आकडा ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा करून आलेला आहे. म्हणून थेट ९००० टाकून ‘जात नाही’ म्हणणं चूक.

१४७२ जातो पण ८९७२ जात नाही, असं झालं तर तो कसा अपयशी ठरतो ते बारकाईने वाचा. ‘मेसेज टू लाँग’ असं लगेच आलं तर अडचण याच होस्टवर आहे: व्हीएमकर्नल पोर्टचा एमटीयू १५०० वर राहिला आहे. काहीच न सांगता पॅकेट हरवत असेल तर पुढे बघायचं: व्हर्च्युअल स्विच, फिजिकल स्विच किंवा समोरचा होस्ट. फिजिकल स्विचवर एमटीयू ९००० पेक्षा थोडा मोठा ठेवतात, बऱ्याच स्विचवर ९२१६, कारण इथरनेट आणि व्हीलॅनच्या खुणांनाही जागा लागते. लहान पिंग चालतो, सदस्यसंख्याही बरोबर दिसते, पण रीसिंक (प्रती पुन्हा जुळवून घेणं) सुरू झालं की सगळं रखडतं: ही अर्धवट लागलेल्या जम्बो फ्रेमची ठरलेली लक्षणं. आणि खरं सांगायचं तर वाटेवरचा प्रत्येक स्विच तुमच्या हातात नसेल तर १५०० वर सुखाने राहणं बरं. जम्बो फ्रेमचा फायदा आहे, पण एका पोर्टवर विसरलेल्या एमटीयूने होणारा मनस्ताप त्याहून मोठा असतो.

पिंग दोन्ही आकारांत जातो, तरी पार्टिशन तसंच? मग पोर्ट आणि सदस्यांची यादी (तिच्याविषयी पुढच्या भागात). व्हीसॅनला होस्टांमध्ये यूडीपी १२३२१ लागतो, त्यावरून सदस्यत्वाची देवाणघेवाण चालते. प्रत्यक्ष डेटा टीसीपी २२३३ वरून जातो. २२३३ ‘एनसी -झेड’ने तपासता येतो. यूडीपीसाठी एनसीच्या उत्तरावर विसंबू नका, पॅकेटच बघा: ‘टीसीपीडम्प-यूडब्ल्यू -आय व्हीएमके२ -एन यूडीपी पोर्ट १२३२१’. दोन्ही दिशांनी पॅकेट दिसायला हवीत. इथून जातात पण तिथून येत नाहीत, असं असेल तर समोरच्या होस्टवर हीच आज्ञा चालवा. तिथून निघतच नसतील तर प्रश्न यादीचा. निघत असूनही इकडे पोहोचत नसतील तर मधल्या फायरवॉलचा. सदस्यसंख्या बरोबर आणि तरीही ऑब्जेक्ट पोहोचेनात, तर संशय २२३३ वर घ्यायचा.

युनिकास्ट यादी, आणि तिथे दडलेला धोका

व्हीसॅन ६.६ पासून मल्टिकास्ट (एकच संदेश गटातल्या सगळ्यांना एकदम पाठवणं) गेलं. आता प्रत्येक होस्टजवळ बाकीच्यांचे आयपी आणि यूयूआयडी यांची यादी असते, आणि ती व्हीसेंटर पुरवतं. ‘ईएसएक्ससीएलआय व्हीसॅन क्लस्टर युनिकास्टएजंट लिस्ट’ने ती दिसते. यादीत होस्ट स्वतः नसतो, म्हणजे सहा होस्टच्या क्लस्टरमध्ये प्रत्येकाकडे पाच नोंदी हव्यात, विटनेस असेल तर एक जास्त. एखाद्या होस्टचा व्हीसॅन आयपी बदलला आणि दुसऱ्याकडे जुनाच राहिला, की पिंग चालूनही ते दोघे एकमेकांना ओळखत नाहीत.

यादी चुकली की हेल्थ पान म्हणतं की व्हीसेंटरची माहिती हीच प्रमाण, आणि सगळ्या होस्टवर ती लिहून टाकणारं बटण पुढे करतं. हे बटण दाबण्याआधी स्वतःला विचारा: व्हीसेंटर नुकतंच जुन्या बॅकअपवरून परत आणलं आहे का? तसं असेल आणि बॅकअपनंतर क्लस्टरमध्ये नवे होस्ट घातले असतील, तर व्हीसेंटरला ते माहीतच नाहीत. बटण दाबलं की ती अपुरी यादी सगळीकडे जाते आणि चांगले चालणारे होस्ट बाहेर फेकले जातात. आधी व्हीसेंटरमधलं क्लस्टर पूर्ण करा, प्रत्येक होस्ट जागेवर आहे हे मोजा, मगच बटण.

व्हीसेंटर बदलताना किंवा अशा दुरुस्तीच्या काळात होस्टनी वरून आलेली यादी स्वीकारू नये म्हणून ‘इग्नोर क्लस्टर मेंबर लिस्ट अपडेट्स’ हे प्रगत सेटिंग १ करतात. ते प्रत्येक होस्टवर करावं लागतं आणि काम संपल्यावर प्रत्येक होस्टवर परत ० करावं लागतं. एखाद्यावर विसरलं की आज काही बिघडत नाही. सहा महिन्यांनी नवा होस्ट घातला की तो या जुन्याला दिसत नाही, आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. हाताने नोंद घालायची वेळ आली तर समोरच्या होस्टवरच्या क्लस्टर गेटमधून त्याच्या स्थानिक नोडचा यूयूआयडी उचला, आठवणीवर जाऊ नका.

येतो-जातो प्रकारचा इशारा

दिवसातून दोनदा पिवळा होणारा आणि बघायला गेलं की हिरवा असणारा इशारा सर्वांत त्रासदायक. व्हीओबीडी लॉगमध्ये नेटवर्क कार्डाचा दुवा पडल्याच्या किंवा खाली-वर होत असल्याच्या नोंदी शोधा आणि त्यांच्या वेळा इशाऱ्याच्या वेळांशी जुळवा. लॉगमधली वेळ यूटीसी असते, हे विसरून जुळवाजुळव केली की हाती काहीच लागत नाही.

मग ‘ईएसएक्ससीएलआय नेटवर्क निक स्टॅट्स गेट -एन व्हीएमनिक०’. सीआरसी चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट) वाढत असतील तर केबल, ऑप्टिक किंवा स्विचचा पोर्ट, याच क्रमाने बदला. हे आकडे साठत जाणारे असतात. एकदा पाहून निष्कर्ष काढू नका, दहा मिनिटांनी पुन्हा घ्या आणि फरक बघा. सीआरसी शून्य पण ‘मिस्ड’ वाढतात, म्हणजे कार्डाचा रिसीव्ह बफर अपुरा पडतोय. कार्ड जेवढा देतं तेवढा रिंगचा आकार वाढवा, आणि ड्रायव्हर व फर्मवेअरची जोडी सुसंगतता यादीत आहे का तेही तपासा. ईएसएक्सटॉपमध्ये ‘एन’ दाबून गळलेल्या पॅकेटची टक्केवारी पाहा. बॅकअपच्या वेळेतच ती वर जात असेल तर दोष जोडणीचा नाही, वाटा अपुरा पडण्याचा आहे. नेटवर्क आयओ कंट्रोलमध्ये व्हीसॅनचा हिस्सा वाढवणं हा तिथला इलाज.

फेलओव्हरनंतरच दिसणारा एक दोषही इथेच बसतो. दोन अपलिंकपैकी (होस्टकडून स्विचकडे जाणाऱ्या दुव्यांपैकी) एकावर, स्विचच्या ट्रंकमध्ये, व्हीसॅनचा व्हीलॅनच घातलेला नसतो. पहिला अपलिंक चालू असेपर्यंत महिनोन्‌महिने सगळं छान, तो पडला की होस्ट गायब. कामाचा ताण कमी असताना, बाकीचे सगळे होस्ट निरोगी आहेत हे पाहून, टीमिंगमध्ये (कुठला दुवा आधी वापरायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) अपलिंकचा क्रम उलटा करा आणि वरचे दोन्ही पिंग पुन्हा घ्या.

विटनेसचा रस्ता

स्ट्रेच्ड क्लस्टरमध्ये दोन डेटा साइटमधला जाऊन-येऊन वेळ ५ मिलिसेकंदांच्या आत हवा. विटनेसला एका साइटवर १० होस्टपर्यंत २०० मिलिसेकंद चालतात, दोन-नोड क्लस्टरमध्ये ५००. विटनेसलाही १२३२१ आणि २२३३ दोन्ही पोर्ट लागतात.

सर्वांत जास्त चुकतं ते राउटिंग. विटनेस अप्लायन्सवर व्हीएमके० व्यवस्थापनाचा आणि व्हीएमके१ व्हीसॅनचा असतो. दोघांना एकाच सबनेटमधले आयपी दिले की उत्तरं व्हीएमके० मधून निघतात आणि व्हीसॅनची जोडणी गुंतून पडते. वेगवेगळे सबनेट द्या, नाहीतर व्हीसॅनची खूण सरळ व्हीएमके० वर लावा. डेटा होस्ट आणि विटनेस वेगळ्या सबनेटमध्ये असतील तर दोन्ही बाजूंना स्टॅटिक राउट लागतो. एकाच बाजूला घातला तर पॅकेट जातं आणि परत येत नाही.

दुरुस्तीनंतर

ऑब्जेक्टचे आकडे पुन्हा काढा आणि सुरुवातीला लिहून ठेवलेल्यांशी ताडा. रीसिंक पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या होस्टला हात लावू नका. हेल्थ पानावर ‘रीटेस्ट’ दाबा, कारण जुना निकाल काही काळ तसाच दिसत राहतो.

व्हीसॅन चालू असताना एचएचे (होस्ट पडला की त्याचे व्हीएम दुसऱ्या होस्टवर सुरू करणाऱ्या सुविधेचे) हार्टबीट व्यवस्थापनाच्या नव्हे, व्हीसॅनच्या नेटवर्कवरून जातात. म्हणून त्या नेटवर्कमध्ये बदल करण्याआधी होस्ट मॉनिटरिंग बंद करायचं, नाहीतर नेटवर्क खंडित राहिल्याने आयसोलेशनची (होस्ट एकटा पडल्याची) कारवाई सुरू होऊन व्हीएम बंद केले जाऊ शकतात. आयसोलेशनसाठी तपासायचा पत्ताही व्हीसॅन नेटवर्कमधलाच द्या आणि मुळातला गेटवे वापरण्याचा पर्याय ‘फॉल्स’ करा. आयपी किंवा पोर्ट बदलला असेल तर एचएला ते आपोआप कळत नाही. प्रत्येक होस्टवर एचए पुन्हा कॉन्फिगर करून मगच मॉनिटरिंग चालू करा.